ज्यानं उडवलं, त्यानं घासावं

अहो, आज एकविसावा दिवस, आणि माझं तुमच्याशी भांडण अजून चालूच आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये, तुमच्याशी बोलतेय. नवरा-बायकोत एवढी सवलत असावी.

सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. आपल्या दिल्लीच्या मयूर विहारातले झाडून सगळे आले. तुमचे नेमबाजीच्या रेंजवरचे दोस्त चड्ढा साहेब माइक धरून उभे राहिले आणि म्हणाले, "भाईसाहब का रिवॉल्वर ऐसा चमकता था कि आदमी उसमें देखकर पगड़ी बाँध ले. क्या हाथ था उनका!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, हात मांडीवर ठेवून. त्या हातांकडे कुणी बघितलं नाही. कशाला बघतील? बावीस वर्षांत तुम्ही त्यांना कधी सांगितलंच नाही, की ते घासतं कोण.

सांगायचं होतंत हो एकदा. नुसतं, "बायको करते." दोन शब्द.

तुमची परदेशातली नेमणूक संपली तेव्हा इतर लोक काय काय घेऊन आले! कुणी टीव्ही आणला, कुणी कपडे धुवायचं मशीन. तुम्ही एक लाकडी पेटी आणलीत. मी उघडली तर आत निळ्या मखमलीवर हे धूड. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर केवढ्या कौतुकानं सांगितलंत, की दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्वरची हुबेहूब नक्कल आहे, ठासणीचं आहे, काडतूस लागत नाही, चक्रीच्या प्रत्येक घरात दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. मी म्हटलं, "नवंच घ्यायचं होतं तर जुन्यासारखं कशाला घेतलंत? जुनी तर मी घरात होतेच." तुम्ही हसलात. तेव्हा हसायचात तुम्ही माझ्या बोलण्याला.

लायसन्स, कस्टम्सचे कागद, पोलीस चौकशी, सगळं तुम्ही केलंत. दोन वर्षं लागली. तो भाग तुमचा, मी नाकारत नाही. पण पहिल्या रविवारी रेंजवरून आलात आणि ते न्यायचा डबा उघडलात, तर घरभर वास सुटला. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, काळं मीठ सांडलंय का कुठं?" तस्साच वास, गंधकाचा. आणि नळीत, चक्रीत, घोड्याच्या सांध्यात काजळीचा चिखल. तुम्ही पुस्तिका वाचलीत आणि तोंड पडलं तुमचं. ही काळी दारू जळाली की जी राख उरते ती हवेतलं पाणी ओढते. त्याच दिवशी धुतलं नाही तर लोखंड गंजतं. उद्या नाही, आजच.

मग आपण दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो. तुम्ही इंग्रजीतून वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि मी करायचं. तुम्हाला चष्मा आणि मला हात. सातवीपर्यंत शिकलेली मी. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवरून आणि तुमच्या वर्तमानपत्रांवरून उचललेलं. आणि त्या संध्याकाळी त्या नक्कल रिव्हॉल्वरचा प्रत्येक भाग मी ओळखायला लागले. किती छान बसलो होतो हो आपण. तुम्ही म्हणालात, "तुझे हात याच्यासाठीच घडलेत." मी ते वाक्य किती वर्षं जपलं. आता वाटतं, त्या वाक्यानंच मला नोकरीवर ठेवलं.

कारण त्यानंतर तुम्ही पुन्हा खाली बसला नाहीत. महिन्यातनं दोन रविवार यायचात, डबा ओट्यावर ठेवायचात, "जरा बघ हं," म्हणायचात आणि आंघोळीला जायचात.

बघितलं मी. खीळ काढून चक्री वेगळी करायची, टोप्या बसतात ती सहा बोंडं पान्यानं सोडवायची, सगळं उकळत्या पाण्यात साबण घालून बुडवायचं. नळीतून ब्रश घालायचा, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. मग कोरडं. आणि कोरडं म्हणजे कसं? पुसून नाही होत ते, सांध्यांत पाणी राहतं. पोळ्या झाल्या की गॅस बंद करायचा आणि तापलेल्या तव्यावर फडकं घालून त्यावर सुटे भाग मांडायचे. हे कुठल्या पुस्तिकेत नव्हतं, हे माझं. मग हलका तेलाचा हात.

वंगणाचंसुद्धा माझंच. पुस्तिकेत मेंढीची चरबी लिहिली होती. सासूबाई जिवंत असताना घरात चरबी! मी साजूक तूप आणि मधाचं मेण एकत्र वितळवून बघितलं. थंडीत घट्ट व्हायचं, मेमध्ये पाण्यासारखं वाहायचं. मग थंडीचं वेगळं आणि उन्हाळ्याचं वेगळं करायला लागले, लोणच्यासारखं. हिंगाच्या डबीशेजारी छोटी स्टीलची डबी, वर चिकटपट्टी. आणि दारू कमी भरायची असली की वरची मोकळी जागा भरायला तुम्हाला रवा लागायचा. माझा, शिऱ्याचा, बारीक रवा. रेंजवर चड्ढा साहेबांना तुम्ही तो औषधाच्या बाटलीतून दाखवायचात, जणू परदेशातून मागवलाय.

निवडणूक आली की लोक मतदार यादीत नाव शोधतात, मी तेलाची बाटली शोधायची. हत्यार ठाण्यात जमा करायचं, महिना-दीड महिना तिथल्या कोठारात पडणार, म्हणून तेलाचा जास्तीचा हात. तुम्ही पावती घेऊन यायचात आणि वाचून दाखवायचात, "हालत अच्छी." छाती फुगवून. तुमची.

दसऱ्याला पाटावर ठेवायचात ते. झेंडूचं फूल, हळद-कुंकू. एका वर्षी मी शेजारी माझा नळीचा ब्रश ठेवला. तुम्ही म्हणालात, "हे काय? हत्याराची पूजा आहे." मी म्हटलं, "हेही हत्यारच आहे." तुम्ही तो उचलून बाजूला ठेवलात. रागानं नाही हं, अगदी सहज. देवघरातली चुकून आलेली काडेपेटी उचलावी तसा. तुम्हाला आठवतही नसेल. मला आठवतं.

आणि मी तुमच्याकडे मागितलं काय? एकच. एकदा उडवून बघायचं होतं. एक गोळी. ज्याचं पोट मी बावीस वर्षं साफ केलं त्याचा आवाज तरी कसा आहे, तो हाताला धक्का कसा देतो, एवढंच. किती वेळा म्हटलं असेन? दर वेळी तुमचं एकच. "लायसन्स माझ्या नावावर आहे. कायदा म्हणजे कायदा." मी म्हटलं, मग माझं नाव घाला कुठं घालता येत असेल तर. "बघू," म्हणालात. सरकारी माणसाचं बघू! मृदुलासुद्धा म्हणाली एकदा, "बाबा, आईला एकदा घेऊन जा ना यार." लेकीवर हसलात तुम्ही. "तिथं बायका येत नाहीत गं फारशा. आईलाच ऑकवर्ड होईल."

मला काय होईल ते तुम्ही मला विचारायचं होतंत.

मी मानलं. कायदा आहे म्हटल्यावर मानलं. बाई म्हणून राग आला, पण माणूस म्हणून मानलं. माझा नवरा सरळ आहे, वाकडं चालत नाही, हा मलासुद्धा एक अभिमान होता.

आणि मग तो रविवार. तुमचा पुतण्या केदार, मानेसरला कारखान्यात मॅनेजर, तुम्हाला रेंजवरून घरी सोडायला वर आला. मी पोहे टाकले. खाता खाता त्यानं मोबाइल पुढे केला. "काकी, ये देखो, तुमचा पुतण्या काउबॉय!" त्यात केदार होता, हातात ते. धाड. पांढऱ्या धुराचा ढग. पुन्हा धाड. आणि मागून तुमचा आवाज, "शाब्बास! खांदा सैल ठेव!"

मी म्हटलं, "किती उडवल्यास रे?"

"सहाच्या सहा, काकी. काका बोले, पूरी चक्री ख़ाली कर दे."

"आणि लायसन्स?"

तो हसला. "अरे काकी, रेंजवर काका उभे आहेत ना बाजूला. कोण विचारतंय?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पोह्यातले शेंगदाणे वेचत होतात.

केदार गेल्यावर डबा ओट्यावर आला. "जरा बघ हं." त्या दिवशीसुद्धा तेच शब्द! मी हात पुसले आणि म्हटलं, "ज्यानं उडवलं, त्यानं घासावं."

"अगं, असं काय करतेस? आजच धुवायला हवं ते."

"मला शिकवू नका."

"तो तरुण आहे, त्याला हौस आहे..."

"आणि मला कायदा आहे."

तुम्ही डबा उचललात. "ठीक आहे. मी करीन माझं मी." आणि कपाटात ठेवून दिलंत. त्या दिवशी काही केलं नाहीत. मला कळत होतं, आत काजळी पाणी ओढतेय. दोनदा उठले, अहो. दोनदा कपाटापर्यंत जाऊन परत आले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी ते तसं राहू दिलं.

मंगळवारी मी फणफणत नोएडाला मृदुलाकडे गेले, संध्याकाळी परत आले. तुम्ही पेपर वाचत होतात. मी बोलले नाही, तुम्ही बोलला नाहीत. बुधवारी मी म्हटलं, "चहा ठेवलाय." गुरुवारी तुम्ही म्हणालात, "गॅसवाला येऊन गेला." सेहेचाळीस वर्षांच्या संसाराचं हे शेवटचं धड संभाषण. शुक्रवारी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तुम्ही मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "ते... कपाटातलं..."

मी म्हटलं, "आधी बरे व्हा. मग बघू तुमचं कपाट."

लाडानं नाही म्हटलं. टोमणा होता. तुम्हाला कळला. तुम्ही मास्क परत लावलात.

तुम्ही काय सांगणार होतात, हे मला तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी कळलं. आदल्या दिवशी, चौदाव्याला, केदार कागद घेऊन आला होता. नाहरकत. काकांचं हत्यार पुतण्याच्या नावावर करायला बायकोची आणि मुलीची हरकत नाही, असं. "काकी, बस इथे सही. तुम्हाला काय करायचंय त्याचं? घर में पड़ा-पड़ा ख़राब होईल." वाईट नाही हो मुलगा. त्याला खरंच असं वाटतं, की माझा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला तसं वाटायला लावलंत कुणी?

मी म्हटलं, उद्या सांगते. आणि सकाळी मृदुलाला घेऊन कपाट उघडलं.

डबा उघडला आणि गंधकाचा वास आला नाही. दुसराच आला. खवट. ते माझ्या नव्या ओटा-पुसण्याच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. फडकं ओलं राहून बुरशी आलेली. सोडवलं तर चक्रीवर, नळीच्या तोंडाशी, घोड्याच्या कडेला तांबडे फोड. आणि फटीफटींत पिवळं काहीतरी थापलेलं. मी बोटाला लावून हुंगलं.

बटर, अहो. फ्रिजमधलं बटर. खारं.

मृदुला म्हणाली, "आई, हे काय झालं? सगळा जंग लागलाय."

"गंज म्हणतात गं," मी म्हटलं.

मंगळवारी, मी नोएडाला गेल्यावर, तुम्ही स्वयंपाकघरात गेला होतात. बहात्तर वर्षांचा माणूस. ओट्याशी उभं राहून धुतलंत, उकळत्या पाण्यानं की गार, कोण जाणे. तव्याचं तुम्हाला माहीत नव्हतं. आपण पोळ्या खात होतो तेव्हा तुमचे सुटे भाग तव्यावर तापत असायचे, बावीस वर्षं, आणि तुम्ही एकदा मागे वळून बघितलं नव्हतंत. एवढं ऐकून होतात, की ही त्यात तूपबीप घालते. डबी दिसली नाही. हिंगाच्या शेजारी होती, नाकासमोर. मग तुम्ही फ्रिज उघडलात. तूप नाही तर बटर. मीठ, लोखंड आणि ओलं फडकं! दारूच्या राखेलाही जमलं नसतं ते तुम्ही तीन आठवड्यांत करून ठेवलंत.

विचारायचं होतंत. फोन करायचा, "अगं, पुढे काय?" मी फणकारले असते, पण सांगितलं असतं. नक्की सांगितलं असतं. तुम्हाला विचारणं जमलं नाही, मला स्वतःहून सांगणं जमलं नाही, आणि मधल्या मध्ये ते गंजलं.

तुम्ही प्रयत्न केलात, हे कळून मला बरं वाटायला हवं, असं मृदुला म्हणते. मला बरं वाटत नाही. मला जास्त राग येतो. आता धड रागावताही येत नाही, याचा राग.

मी तेलाची बाटली आणि ब्रश घेऊन बसले, तर मृदुलानं हात धरला. "आई, नको. आता हात लावायचा नाही. लायसन्स बाबांचं होतं, बाबा नाहीत. सरळ ठाण्यात जमा करायचं, जसं आहे तसं." कायदा म्हणजे कायदा. तुमचीच मुलगी.

म्हणून काल आम्ही गेलो. ठाण्याचा मुंशी, म्हणजे कारकून, तिशीतला, चष्मेवाला, सभ्य. "बैठिए माताजी." त्यानं जुनं रजिस्टर काढलं, तुमचं नाव शोधलं, बोट फिरवत गेला. मग डबा उघडला, चक्री फिरवायला गेला. हलली नाही. त्यानं हुंगून बघितलं, तोंड वाकडं केलं.

"माताजी, इसमें तो हर बार लिखा है, हालत अच्छी. सात एंट्री हैं, सातों में अच्छी. इस बार ये क्या हो गया?"

मी रजिस्टरातल्या त्या सात ओळींकडे बघितलं.

"साहब बीमार थे क्या? सफ़ाई किसने की?"

अहो, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं. ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते, तोच प्रश्न, नेमका काल. मी पाठ ताठ केली आणि म्हटलं, "सफ़ाई घर में हमेशा मैं ही करती थी."

त्यानं मान हलवली. "तभी."

एवढंच. तभी. आणि लिहिलं, "ज़ंग लगा, चरखी जाम."

मृदुला बोलायला उठली, "नहीं भैया, असल में..." मी तिचा पदर, म्हणजे तिची ओढणी, खाली ओढली. काय सांगणार होती? की सात वेळचं "अच्छी" आईचं आणि हे बटर बाबांचं? चारचौघांत, तुम्ही नसताना? बावीस वर्षांचं तुमचं नाव एका बटरनं घालवायचं? नाही जमलं मला. चमक तुम्ही तुमच्या नावावर घेतलीत, गंज मी माझ्या नावावर घेतला. हे मोठेपण नाही हं, उगीच वर बसून खूश होऊ नका. मला अजून चीड येते त्याची.

केदारला सही दिली नाही. फोन केला त्याला. म्हणाला, "काकी, आप क्या करोगी उसका, इस उमर में?" मी म्हटलं, "तू सहा उडवल्यास ना? घासलंस एकदा तरी?" तो म्हणाला, "मतलब?" मी म्हटलं, "तेच तर."

मुंशीकडून वारसाच्या अर्जाचा कागद आणलाय. देतील की नाही, कुणास ठाऊक. एकाहत्तर वर्षांच्या बाईला ठासणीचं रिव्हॉल्वर कशाला हवं, असं तेही विचारणार. मृदुलानं सगळे रकाने भरले, एक सोडून. हत्यार बाळगण्याचं कारण. ती म्हणाली, "आई, फ़ैमिली की निशानी, असं लिहूया." तुम्ही असतात तर तुम्हीही तेच लिहिलं असतं.

मी पेन घेतलं तिच्या हातातून, आणि माझ्या सातवीच्या अक्षरात, त्यांना कळावं म्हणून हिंदीत लिहिलं : सफ़ाई बाक़ी है.